सोबतीची रजा

एकाहत्तरची लढाई होऊन दोन वर्षं उलटली होती. हवालदार भुजंग वाव्हळे माघ महिन्यात रजेवर गावी निघाला, तेव्हा कंपनीच्या मेजरसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि जाता जाता एक काम गळ्यात घातलं. शिपाई उद्धव खंदारे रजा संपून गेली तरी पलटणीत परतला नव्हता. तार केली, तिचं उत्तर नाही. साहेब म्हणाले, पोरगा तुझ्या जिल्ह्यातला, तुझ्याच सेक्शनचा. भगोडा म्हणून एकदा कागद वर गेला की दारात पोलीस उभे राहतील, मग माझ्या हातात काही उरणार नाही. त्याआधी तू बघून घे, आणि येताना त्याला बरोबर आण.

भुजंगाला राग आला तो उद्धवचा. उद्धवला भरतीला भुजंगानेच नेलं होतं. पिंगळीच्या सिताराम खंदाऱ्यांचा हा थोरला मुलगा. उंच, अबोल, धावण्यात कुणाला हार न जाणारा. लढाईत पूर्वेकडच्या भातखाचरांतून दोघे बरोबर पुढे गेले होते. तिथे उद्धवचा जोडीदार पंडित सुरुंगावर पाय पडून कोसळला. उद्धवने त्याला पाठीवर टाकून मागे आणलं, आणि खाली ठेवल्यावर कळलं की तो वाटेतच गेला होता. साहेबांनी उद्धवची पाठ थोपटली, गावाने हार घातले. असा माणूस पळपुटा निघाला तर त्याला पलटणीत आणणाऱ्याने तोंड कुठं दाखवायचं? भुजंग परभणी मागे टाकून पिंगळी स्टेशनवर उतरला, तो हेच घोकत.

सितारामने त्याला ओट्यावर घोंगडी अंथरून दिली, चहा केला. जयभीम झाला, पिकापाण्याचं बोलून झालं. दुष्काळाची दोन वर्षं सरून यंदा ज्वारी बरी आली होती. उद्धवचं नाव निघालं तसा म्हातारा जमिनीकडे बघू लागला. म्हणाला, पोरगा सासुरवाडीला गेलाय, तिकडं हिंगोलीकडं. कधी येईल, सांगता येत नाही. दाराच्या आत उद्धवची बायको कावेरी उभी होती. नवरा सासुरवाडीला आणि बायको इथे कशी, हे भुजंगाच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. पण तो रागात होता. आठ दिवसांत उद्धव आपल्या पायांनी आला नाही तर पोलीस येतील, असं आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं आणि ट्रंक उचलून आपल्या गावाची, ताडकळसची एस.टी. गाठली.

घरी त्याची वाटच बघत होते. ज्वारी काढणीला आली होती. थोरल्या मुलीला, हेमाला, बघायला पाहुणे येणार होते. बाप घरी असताना बोलणी व्हावीत म्हणून सुलाबाईने, त्याच्या बायकोने, ती मुद्दाम या रजेवर धरून ठेवली होती. भुजंग शेतात गेला, चार लोकांत बसला, आणि पिंगळीचा विषय त्याने डोक्यातून काढून टाकला.

बाजाराच्या दिवशी दुपारी कावेरी दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. बाजाराचं निमित्त करून सासऱ्याला न सांगता ती आली होती. सुलाबाईने तिला पाणी दिलं. ते हातात धरूनच ती बोलायला लागली.

उद्धव घरातच होता. रजेवर आल्यापासून तो मागच्या खोलीतून बाहेर पडला नव्हता म्हटलं तरी चालेल. झोप नाही, जेवण नाही. हाक मारली तर ओ देतो, पण बोलत नाही. तारेचा कागद आला तो त्याने वाचला आणि घडी करून बाजूला ठेवला, जणू दुसऱ्याचाच होता. गेल्या बाजाराच्या दिवसापासून मात्र त्याने वेगळंच मांडलं होतं. पलटणीची जर्सी, हातातलं घड्याळ, चांगले बूट धाकट्या भावाला देऊन टाकले. तिला म्हणाला, तू माहेरी जा, दुसरं घर कर, तुझं वय आहे अजून.

"मामा, तुमी पोलीस आना," कावेरी म्हणाली. "बेड्या घाला, तुरुंगात टाका. तिथं पहारा तरी असंल. मी एकली कितीक जागू? माझा डोळा लागला अन् काई झालं तर?"

ती रडली नाही. पाणी पिऊन, पिशवीत सुलाबाईने दिलेली कोथिंबिरीची जुडी टाकून ती परत एस.टी.च्या वाटेला लागली.

पलटणीत असे लोक भुजंगाने पाहिले होते. त्यांना काम चुकवणारे म्हणायची रीत होती. दोन दिवस जास्तीची कवायत, की सरळ होतात. तो सुलाबाईला तसंच काहीसं म्हणाला. लढाई काय एकट्याने केली का? आम्हीही होतोच की तिथे.

सुलाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"पासष्टच्या लढाईहून तुमी आलात, ते आठवतंय का?"

"आठवतंय की. दोन महिने रजा होती."

"रजा तुमची होती. मला न्हवती."

मग तिने जे सांगितलं ते भुजंगाने आजवर ऐकलं नव्हतं. त्या रजेत तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. हेमा तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ती मांडीवर येऊन बसली तरी त्याचे हात वर यायचे नाहीत. विहिरीवर गेला की काठाशी उभा राहून खाली बघत राहायचा. म्हणून तो जिथे जाईल तिथे सुलाबाई घागर घेऊन मागे जायची. घरात पाणी भरलेलं असलं तरी जायची. तिने सासूला सांगितलं होतं, आणि दोघींनी वाटून घेतलं होतं: दिवसा एक, रात्री एक. भुजंगाला आठवत होतं ते इतकंच, की त्या रजेत बायको सारखी पाठीशी असायची आणि त्याला तिचा वैताग यायचा. संशयी झाली आहे, असं तो आईजवळ बोललाही होता. आई काहीच बोलली नव्हती.

"मी इचारायला भेत होते," सुलाबाई म्हणाली. "वाटायचं, इचारलं तर तेच डोक्यात बसंल. अन् एक दिस इचारलंच, जीव द्यायचं मनात हाय का म्हनून. तुमी न्हाई म्हनलात. पर त्या दिवशी भाकर खाल्ली तुमी, पोटभर."

इतक्या वर्षांत तिने हे का सांगितलं नाही, असं भुजंगाने विचारलं. ती म्हणाली, बरे झालात, मग कशाला सांगायचं. आणि सूप उचलता उचलता तिने एवढंच जोडलं, की पाहुण्यांना निरोप धाडता येईल, हेमाची बोलणी पुढे ढकलता येतील, पण ती पोरगी परत बाजाराला येईल तेव्हा कशी येईल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भुजंग पिंगळीला गेला. सितारामने त्याला येताना पाहिलं आणि तो ओट्यावर मटकन बसला. खोटं धरून ठेवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"आमच्या वस्तीतून पलटनीत गेलेला पैला त्यो," म्हातारा म्हणाला. "त्याच्याकडं बगून पोरं भरतीला जायलीत. अन् त्योच यडा झाला म्हनून कोन्या तोंडानं सांगू, हवालदारसाहेब?"

शेजारपाजारचे म्हणत होते, बाहेरचं काही असेल, उतरवून घ्या. सितारामने ते ऐकून घेतलं नव्हतं. छप्पन्न साली त्याने घरातले देव नदीत सोडले होते; आता अंगारा आणायला तो जाणार नव्हता. पण डॉक्टरकडेही तो गेला नव्हता. देव सुटले होते, लाज सुटली नव्हती.

मागच्या खोलीत उजेड कमी होता. उद्धव खाटेवर बसला होता. भुजंग दारातून शिरला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "खंदारे!" तसा उद्धव उठला. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, हात मांड्यांना चिकटले. अंगावरचा सदरा खांद्यावरून लोंबत होता. हे सगळं शरीराने केलं. डोळे भिंतीवरच होते.

"उस्ताद, कवा न्यायचं मला?" त्याने विचारलं.

भुजंगाला स्वतःची लाज वाटली. "बस," तो म्हणाला, आणि आपण खाली जमिनीवर बसला. त्या दिवशी दोघे तसेच बसून राहिले. भुजंग मधूनमधून काहीतरी बोलायचा, कंपनीत कोण नवीन आलं, कुणाची बदली झाली. उत्तर यायचं नाही. मुक्काम त्याने तिथेच टाकला. कावेरीला म्हणाला, तू निवांत झोप, आज मी इथे आहे. ती सकाळी उन्हं वर येईपर्यंत झोपली. सासऱ्याने तिला उठवू दिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी उद्धव त्याच्याबरोबर शेतापर्यंत आला. सिताराम आणि धाकटा ज्वारी काढत होते. हे दोघे लिंबाखाली बसले. कावेरीने आणलेली भाकर उद्धवने हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. भुजंगाने बराच वेळ धीर गोळा केला. गोळीबारात पुढे जायला त्याला इतका वेळ लागला नव्हता.

"उद्धव, एक इचारतो. मनात मरायचं येतंय का?"

पानांतून ऊन हलत होतं. उद्धवने भाकर फडक्यावर ठेवली.

"येतंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "रोज येतंय."

दरडावावं, शपथ घालावी, बायकोकडे बघ म्हणावं, असं सगळं ओठावर आलं. पण सुलाबाईने तेव्हा यातलं काही केलं नव्हतं, हे त्याला आठवलं. कधीपासून, एवढंच त्याने विचारलं.

उद्धव अडखळत बोलू लागला. लढाईनंतर ते बर्फातल्या ठाण्यावर होते, तिथपासून. आधी झोप गेली. मग भूक गेली. लोकांना वाटतं पंडित डोळ्यांसमोर येत असेल, म्हणून असं झालं. तो येत असता तरी बरं झालं असतं.

"पंडित गेला तवा मला रडू आलं न्हाई, उस्ताद. आता ही पोरगी जेवाय वाढती, तवाबी काईच वाटत न्हाई. आत सगळं बंद पडलंय. मी ऱ्हाऊन तिचं वाटुळं करायलोय. मी गेलो तर ती मोकळी हुईल."

"ती मोकळी हुनार न्हाई," भुजंग म्हणाला. "ती बाजाराचं सोंग करून माझ्या दारात आलती. नवऱ्याला बेड्या घाला म्हनत होती, त्यो जगावा म्हनून."

हे उद्धवला ठाऊक नव्हतं. त्याने दूर ज्वारीच्या धाटांच्या पेंढ्या बांधणाऱ्या कावेरीकडे पाहिलं.

मग भुजंगाने त्याला पासष्टची गोष्ट सांगितली. विहीर, घागर, भिंत, सगळं. आजवर कुणापाशी बोलला नव्हता. बोलणार कुठून, त्याला स्वतःलाच ते चार दिवसांपूर्वी कळलं होतं. उद्धव पहिल्यांदा मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुमी?"

"मी. अन् म्हनून सांगतो, ही बिमारी हाय. मी तुला पकडायला आलतो, आता दवाखान्यात न्यायला बसलोय."

उद्धवला भीती तीच होती. वेडा म्हणून पलटणीतून काढतील. मग काय तोंडाने गावात राहायचं?

"काढतील का न्हाई, मला सांगता येत न्हाई," भुजंग म्हणाला. "खोटं कामून बोलू? पर तू ऱ्हाशील. तू ऱ्हायलास तर बाकीचं बगता येतंय."

उद्धवने हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि भुजंगाने तेच धरून ठेवलं.

त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना ओट्यावर बसवलं. उद्धवलाही. आता यातलं काही झाकायचं नाही, तो म्हणाला, निदान या घरात तरी. उद्धव एकटा राहणार नाही. कधी बाप, कधी भाऊ, कधी कावेरी, कधी मी, आणि हे त्याच्या पाठीमागे नाही, त्याला सांगून. घरात आणि कोठ्यात जे धोक्याचं होतं ते सितारामने शेजाऱ्याकडे नेऊन ठेवलं. शेजाऱ्याने कारण विचारलं. म्हातारा क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, पोरगा बिमार आहे, मनाने. कावेरी पुढे सांगायची, ते वाक्य बोलून घरी आल्यावर मामंजींनी तोंड धुतलं आणि कितीतरी वेळ ते ओल्या तोंडाने बसून राहिले.

भुजंगाने परभणीला जाऊन मेजरसाहेबांना तार केली: खंदारे भगोडा नाही, आजारी आहे, औरंगाबादच्या लष्करी दवाखान्यात नेत आहे. उत्तराची वाट पाहायला हवी होती. तो हुकमाबाहेर कधी वागला नव्हता. पण त्या रात्री उद्धव पुन्हा जेवला नाही, तेव्हा सकाळी त्याने ठरवून टाकलं. उद्धव, कावेरी आणि तो, तिघे गाडीत बसले. सिताराम स्टेशनवर आला होता. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर दोन पावलं चालला. त्याने खिडकीच्या गजावरचा लेकाचा हात दाबला.

दवाखान्यात, कुणाच्या हुकमाने आणलं, असं विचारणं झालं. भुजंग म्हणाला, माझ्या जिम्म्यावर. मग एक डॉक्टर आले, कप्तान, वयाने उद्धवपेक्षा फार मोठे नव्हते. त्यांनी त्याला समोर बसवलं, थोडं इकडचं तिकडचं विचारलं, आणि सरळ हिंदीत तोच प्रश्न केला, मरण्याचं मनात येतं का? भुजंग चपापला. लिंबाखाली आपण केलं ते चुकीचं तर नव्हतं, ही धाकधूक त्याला सगळ्या वाटेवर होती. नंतर त्याने डॉक्टरांना तसं विचारलंही. ते म्हणाले, विचारल्याने ते मनात शिरत नाही, हवालदार. ते आधीच आत असतं. विचारलं की माणसाला ते एकट्याने वाहावं लागत नाही.

आणखी त्यांनी सांगितलं की औषध आहे, पण वेळ लागेल. बरा होईल. पुन्हा येऊही शकतं. तेव्हा त्याने स्वतः सांगायला शिकलं पाहिजे.

वॉर्डात जाताना उद्धव दारापाशी थांबला. तो मागे वळला. कावेरीला म्हणाला, "घड्याळ भावाकडंच ऱ्हाऊ दे. बूट तेवढे मागून घे." ते ऐकल्यावर कावेरी भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली. बूट मागून घ्यायचे म्हणजे पुढे कुठेतरी चालत जायचं आहे, एवढं तिला कळलं.

सगळं काही नीट झालं असं नाही. भुजंगाची रजा त्यातच सरली. हेमाला बघायला येणारे पाहुणे निरोपाने दुखावले आणि ते स्थळ गेलंच; पुढे तिचं दुसरीकडे झालं, पण सुलाबाई त्या घराचं नाव काढून अजून हळहळते. पलटणीत परतल्यावर हुकमावाचून माणूस हलवला म्हणून भुजंगाला ताकीद मिळाली. मेजरसाहेबांनीच ती दिली आणि उद्धवचा गैरहजेरीचा कागद बदलून आजारीचा करण्यासाठी तेच वरच्यांशी भांडले. उद्धव पावसाळा संपेपर्यंत दवाखान्यात होता. बंदुकीच्या कामावरून त्याला काढलं, नोकरीवरून काढलं नाही. डेपोच्या भांडारात बसवलं. ते त्याच्या मनाला सुरुवातीला फार लागलं. पुढल्या वर्षी हिवाळ्यात ते दुखणं पुन्हा आलं. झोप गेली, भूक गेली, सगळं त्याच क्रमाने. या वेळी तो कुणी ओळखायची वाट पाहत बसला नाही. भांडाराची किल्ली सुभेदाराच्या हातात देऊन, आपल्या पायांनी दवाखान्यात गेला आणि म्हणाला, मला ठेवून घ्या.

भुजंग कंपनीत संध्याकाळची हजेरी झाली की बराकीत एक फेरी मारू लागला. माणसाच्या खाटेवर बसायचा. 'ठीक है साब' एवढ्यावर उठायचा नाही. पोरं पाठीमागे त्याला कंपनीची माय म्हणून हसायची. त्यातले काही रात्री त्याच्याच दारात येऊन उभे राहिले.

पुढच्या एका रजेत तो पिंगळीला सितारामच्या ओट्यावर बसला होता. बोलत असताना एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात पूजाअर्चा करणाऱ्या घराण्यातले बन्सीधर. सितारामची त्यांची ओळख नव्हती. खाली बसा म्हटलं तरी ते आधी उभेच राहिले. मग बसले. सितारामने पाण्याचा तांब्या पुढे केला; त्यांनी तो घेतला आणि गटागटा पाणी प्यायले. त्यांचा मुलगा पोलिसात होता, घरी आला होता, आणि कोंडून घेऊन बसला होता. कुणीतरी सांगितलं होतं, पिंगळीच्या खंदाऱ्याला यातलं कळतं.

भुजंगाला वाटलं, म्हातारा आता आपल्याकडे बोट दाखवील. तसं झालं नाही. सिताराम घोंगडीवरून सरकून त्या माणसाच्या अगदी जवळ बसला. दवाखान्याचं नाव, गाडीची वेळ, डॉक्टर, हे सगळं सांगायचं होतं. ते त्याने मागाहून सांगितलं. आधी त्याने आवाज न चढवता विचारलं,

"लेकरू मरायचं बोलतंय का? का बोलत न्हाई, पर तुमाला वाटायलंय?"

बन्सीधरांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "वाटायलंय," ते म्हणाले.

"मंग त्याला तुमीच इचारा," सिताराम म्हणाला. "भिऊ नका. मी येतो संगं."

आणि तो पायताण शोधायला उठला.